धातूच्या वस्तूंवरील पावडर कोटिंग : प्रक्रिया, पृष्ठदोष आणि त्यांचे निवारण
(मोडनिंब परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : पावडर कोटिंग, फॉस्फेट प्रक्रिया, पाण्याची कठीणता, पृष्ठदोष, ग्रामीण लघुउद्योग

प्रस्तावना :

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव असून ते पुणे-सोलापूर महामार्गावर व कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावर वसलेले आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणानंतर या तालुक्यातील शेतीचे स्वरूप पालटले. ऊस वाढला, डाळिंब व द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागोमाग ठिबक सिंचन आले. अशा शेतीला लोखंडी वस्तू लागतात. ठिबकचे फिल्टर, मोटारीच्या पेट्या, शेताची फाटके, गोठ्याच्या जाळ्या, खाटा, कपाटे, दुकानांतील मांडण्या या वस्तू तालुक्याच्या गावांतील फॅब्रिकेशनची दुकाने बनवू शकतात. त्यांना रेड ऑक्साइडचा एक हात व वर ऑइलपेंटचे दोन हात देण्याची रीत जुनी आहे. परंतु ग्राहक आता कंपनीच्या मालासारखा सफाईदार पृष्ठभाग मागतो, आणि तो पावडर कोटिंगनेच मिळतो.

या मागणीबरोबर तक्रारीही येतात. रंगाचे पापुद्रे सुटतात, पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडतात, कोपरे उघडे राहतात, एका पावसाळ्यात सांध्यांतून तांबूस ओघळ उतरतात. दोष वस्तू भट्टीतून बाहेर आल्यावर नजरेस पडतो, म्हणून ठपका भट्टीवर, गनवर किंवा पावडरच्या कंपनीवर ठेवला जातो. वस्तुतः बहुसंख्य दोषांचे मूळ त्याआधीच्या टप्प्यांत, विशेषतः पाण्यात असते. पावडर पुरवठादारांच्या माहितीपत्रकांत थंड कोठार, शुद्ध पाणी व अखंड वीज गृहीत धरलेली असते. माढ्यासारख्या तालुक्यात या तिन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. हे ध्यानात ठेवून प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे व तिच्यातील दोषांचे विवेचन केले आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी :

पावडर कोटिंग म्हणजे द्रावकाशिवाय दिलेला रंग होय. राळ, तिला घट्ट करणारे रसायन, रंगद्रव्य व पूरकद्रव्ये वितळवून एकजीव करतात व थंड झाल्यावर दळून त्यांची भुकटी करतात. तिचे कण साधारणतः १० ते ९० मायक्रॉन आकाराचे असतात. ही भुकटी विद्युत्भार देऊन धातूवर बसवितात व भट्टीत तापवितात. तेथे ती प्रथम वितळते, पसरते आणि नंतर तिच्यातील रेणू एकमेकांशी जोडले जाऊन कायमचे जाळे तयार होते. हे जाळे एकदा तयार झाले की पुन्हा तापवूनही ते वितळत नाही.

जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५३ च्या सुमारास हवेवर तरंगत्या भुकटीत तापलेली वस्तू बुडविण्याची पद्धत विकसित केली व १९५५ मध्ये तिचे पेटंट मिळाले. गनने भुकटी फवारण्याची आजची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली. भुकटीचे प्रमुख प्रकार तीन. एपॉक्सी रसायनांना व पाण्याला उत्तम तोंड देते, परंतु उन्हात पांढुरकी पडते. पॉलिएस्टर उन्हात टिकते. दोहोंचे मिश्रण असलेली हायब्रिड भुकटी घरातील कपाटे, खाटा यांना पुरेशी ठरते. हायब्रिड भुकटीने रंगविलेले शेताचे फाटक दोन उन्हाळ्यांत निस्तेज झाले, तर ती निवडीची चूक होय. तेथे कारागिराच्या हाताला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

पूर्वप्रक्रिया आणि पाण्याचा प्रश्न :

लोखंडी पत्र्यावर कारखान्यातून निघतानाच तेल असते. वाटेत गंज चढतो आणि जाड अँगल वा पट्टीवर गरम लाटणीच्या वेळची काळी खपली असते. यांतील काहीही शिल्लक राहिले तर रंग लोखंडाला धरत नाही. याकरिता आपल्याकडे सात टाक्यांची पद्धत प्रचलित आहे. पहिल्या टाकीत तेल काढतात, दुसरीत धुतात, तिसरीत आम्लाने गंज काढतात, चौथीत पुन्हा धुतात, पाचवीत जस्त-फॉस्फेटचा थर देतात, सहावीत धुतात व सातवीत अखेरचे निष्क्रियीकरण होते.

यांपैकी फॉस्फेटची टाकी रसायनशास्त्राच्या अध्यापकांना विशेष रोचक वाटेल. द्रावण आम्लधर्मी असते, त्यामुळे लोखंडाचा अगदी थोडा अंश विरघळतो. त्या क्रियेत पृष्ठभागालगतचे आम्ल खर्च होऊन तेथील सामू वाढतो व जस्त-फॉस्फेट नेमके तेथेच अविद्राव्य होऊन स्फटिकरूपाने बसते. म्हणजे थर बसण्यास लागणारी परिस्थिती लोखंड स्वतःच निर्माण करते. अशा प्रक्रियेचे पहिले महत्त्वाचे पेटंट ब्रिटनमध्ये टॉमस कॉस्लेट यांना १९०६ मध्ये मिळाले. पावडर कोटिंगखाली हा थर बारीक स्फटिकांचा व पातळ हवा. चौरस मीटरला सुमारे दीड ते तीन ग्रॅम पुरेसे होतात. थर जितका जाड तितका चांगला हा समज कारागिरांत आढळतो, तो चुकीचा आहे. जाड थर ठिसूळ असतो आणि वस्तू वाकविली की तो मधूनच फुटून वरचा रंग घेऊन सुटतो.

सात टाक्यांपैकी तीन टाक्या केवळ पाण्याच्या आहेत, आणि त्यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपणाऱ्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. या भागातील बोअरच्या पाण्याने भांड्यांवर व ठिबकच्या नळ्यांवर चढणारा पांढरा थर सर्वांच्या परिचयाचा आहे. तेच पाणी शेवटच्या टाकीत वापरले की वाळल्यावर तोच पांढरा थर फॉस्फेटवर राहतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. त्यावर रंग बसतो, चमकतो आणि गिऱ्हाईक समाधानाने वस्तू घेऊन जाते. पुढे पावसाळ्यात वा सततच्या ओलाव्यात पाण्याचे रेणू रंगाच्या थरातून हळूहळू आत शिरतात. कोणताही रंग पाण्याला पूर्णतः अभेद्य नसतो. आतील क्षार त्या पाण्यात विरघळतात व परासरणामुळे आणखी पाणी ओढले जाते. रंगाखाली फोड येतो, फोडाखाली गंज धरतो. रंग निकृष्ट होता असा निष्कर्ष मग काढला जातो.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास २००० पर्यंत सवलत आहे. ५०० मिलिग्रॅम क्षारांच्या पाण्याची विद्युत्वाहकता साधारणपणे ७५० ते १००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर भरते. याउलट ॲल्युमिनियमच्या रंगकामासाठी क्वालिकोट या युरोपीय गुणवत्ता-व्यवस्थेत अखेरच्या धुण्यानंतर वस्तूवरून निथळणाऱ्या पाण्याची वाहकता ३० मायक्रोसीमेन्सच्या आत असावी अशी अट आहे. लोखंडाच्या साध्या कामाला इतकी कडक अट नसली तरी अंतर किती आहे ते यावरून कळते. पिण्यास योग्य असलेले पाणी शेवटच्या धुण्यास योग्य असतेच असे नाही. उपाय मात्र आवाक्यातला आहे. शुद्ध पाण्याचे आरओ संयंत्र आता गावोगावी दिसते. सर्व टाक्यांना ते पाणी देणे परवडणार नाही, पण केवळ अखेरचा हात त्या पाण्याच्या फवाऱ्याने फिरविला तरी क्षारांचा मोठा भाग निघून जातो. क्षार मोजण्याचे खिशात मावणारे साधन स्वस्त असते आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते वापरू शकतो.

तेल निघाले की नाही हे पाहण्यास तर कोणतेही साधन लागत नाही. धुतलेल्या पत्र्यावर पाणी अखंड पडद्यासारखे पसरले तर तो स्वच्छ, थेंब-थेंब होऊन तुटले तर तेल बाकी आहे असे समजावे.

चौकोनी पाइपच्या कामात आणखी एक अडचण उद्भवते. फाटक किंवा खाट वेल्डिंग करताना पाइपची तोंडे बंद करतात, पण सांध्यात सुईएवढी फट राहते. आम्लाच्या टाकीत ती फट आम्ल आत घेते आणि धुण्याचे पाणी तेथवर पोहोचत नाही. भट्टीत आतील द्रव उकळून फटीवाटे बाहेर येतो व सांध्याशी डाग किंवा फोड दिसतो. पुढील पावसाळ्यात तेथूनच तांबूस ओघळ सुरू होतो. यावर रंगाऱ्याकडे उपाय नाही, तो वेल्डरकडे आहे. खालच्या बाजूस निथळण्यासाठी भोक ठेवावे किंवा सांधा पूर्ण बंद करावा. रंगकामाची सुरुवात वेल्डिंगच्या टेबलावर होते, हे दुकान चालविणाऱ्याने ओळखणे अगत्याचे आहे.

विद्युत्भाराचे कार्य :

गनच्या टोकाशी ६० ते १०० किलोव्होल्टचा ऋण दाब असतो. त्यामुळे भोवतालची हवा आयनित होते, जवळून जाणाऱ्या कणांवर भार बसतो आणि ते भूमीशी जोडलेल्या वस्तूकडे ओढले जातात. जोडणीचा रोध एक मेगओमपेक्षा कमी असावा असा संकेत आहे. व्यवहारात वस्तू ज्या हुकला टांगतात तो हुक रोजच रंगला जातो, आणि रंग हा विद्युत्रोधक आहे. आठवडाभर न घासलेल्या हुकवर टांगलेली वस्तू भूमीपासून तुटलेली असते. मग भुकटी वस्तूवर न बसता बूथभर उडते, थर विरळ बसतो व कारागीर दाब वाढवितो. वस्तूला हात लावताच झटका बसला तर हुक घासण्याची वेळ आली असे समजावे. हा झटका गमतीचा विषय नाही. हवेत तरंगणारी भुकटी विशिष्ट प्रमाणात ज्वालाग्राही असते आणि ठिणगी तिला पुरेशी होते.

आतले कोपरे रंगत नाहीत यामागचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली पिंजऱ्याच्या प्रयोगाने दाखविले होते. वाहकाने वेढलेल्या पोकळीत विद्युत्क्षेत्र शिरत नाही. पेटीच्या आतील कोपऱ्याकडे निघालेला कण वाटेतच कडेकडे वळतो. अनुनभवी कारागीर अशा वेळी दाब वाढवितो, त्याने कडा जाड होतात व कोपरा उघडाच राहतो. दाब व हवेचा जोर कमी करून आधी कोपरे भरावेत, सपाट भाग नंतर घ्यावा.

एकाच जागी गन फिरवत राहिल्यास बसलेल्या भुकटीतच इतका भार साठतो की थरातून सूक्ष्म विसर्जने होऊ लागतात. त्यांचे लहान तारकांसारखे खड्डे पक्क्या रंगावर राहतात. दुसरा हात देताना हा धोका अधिक असतो, कारण खालचा पक्का थर भार जमिनीकडे जाऊ देत नाही. त्या वेळी पृष्ठभाग घासून घेऊन दाब पुष्कळ कमी ठेवावा लागतो.

जाड थराचा खर्चही मोजून पाहण्यासारखा आहे. भुकटीची घनता १.५ धरल्यास एक किलो भुकटी ६० मायक्रॉन जाडीने सुमारे ११ चौरस मीटर क्षेत्र झाकते. तीच १०० मायक्रॉनला पावणेसात चौरस मीटरही झाकत नाही. जॉबवर्कचा दर चौरस फुटावर ठरत असताना ही तफावत थेट दुकानदाराच्या नफ्यातून जाते. जाडी मोजण्याचे साधन खरेदी करणे टाळणाऱ्याने हे गणित एकदा मांडावे.

भट्टी आणि अपुरे पक्वन :

भुकटीच्या डब्यावर २०० अंश सेल्सिअसला १० मिनिटे असे लिहिलेले असते. ते तापमान धातूचे असते, भट्टीतील हवेचे नव्हे. भट्टीवरील काटा हवेचे तापमान दाखवितो, म्हणून भट्टी २०० वर पोहोचताच घड्याळ लावले जाते. धातूला तापण्यास लागणारा वेळ ढोबळमानाने त्याच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो. दीड मिलिमीटरचा पत्रा जेवढ्या वेळात तापतो त्याच्या चौपट वेळ सहा मिलिमीटरच्या पट्टीला लागतो. एकाच फाटकात अँगलची चौकट व पत्र्याचे पडदे असतात. पत्रा पिकलेला आणि चौकट कच्ची, असे फाटक दिसायला निर्दोष असते. मधेच वीज गेली तर हाच प्रकार संपूर्ण घाणीचा होतो. भुकटी वितळून चकाकी आलेली असते, पण रेणूंचे जाळे अपुरे असते.

अशा कच्च्या रंगाची पारख सोपी आहे. मिथिल इथिल कीटोन या द्रावकात भिजविलेला कापूस तीसएक वेळा मागेपुढे घासावा. रंग मऊ पडला किंवा कापसाला भरपूर लागला तर पक्वन अपुरे आहे. समाधानाची गोष्ट ही की असा माल वाया जात नाही, तो पुन्हा भट्टीत घालून पूर्ण पिकविता येतो. जादा भाजलेल्या रंगाला मात्र ही सोय नाही. पांढऱ्या छटा पिवळसर पडतात त्या पडतातच.

दोषांचे वाचन :

चिकटपणाची चाचणी म्हणून रंगावर उभ्याआडव्या सहा-सहा रेघा कोरतात. ६० मायक्रॉनहून जाड थरास रेघांतील अंतर दोन मिलिमीटर ठेवतात. २५ चौकटींवर चिकटपट्टी लावून ती ओढून काढतात. किती चौकटी निघाल्या याची नोंद सर्वत्र होते, पण त्या कोठून निघाल्या हे पाहणे अधिक बोलके असते. खाली चकचकीत लोखंड दिसले तर तेल राहिले होते अथवा फॉस्फेट बसलेच नव्हते. पापुद्र्याच्या पाठीवर करडी भुकटी लागली तर फॉस्फेट जाड किंवा भुसभुशीत होते. पाठ तपकिरी असेल तर गंज तसाच राहिला होता, किंवा एका टाकीतून दुसरीत नेताना ओल्या लोखंडावर तो नव्याने चढला. माढ्याच्या उन्हात मे महिन्यात हे काही मिनिटांत घडते. रंग काचेसारखा तडकून निघाला तर भट्टीकडे पाहावे. अशा रीतीने एकाच चिकटपट्टीने चार वेगवेगळ्या टाक्यांचा हिशेब विचारता येतो.

टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे बहुधा वायूमुळे पडतात. बिडाच्या पंपाच्या अंगात किंवा जस्ताच्या थरात अडकलेली हवा व ओलावा भट्टीत प्रसरण पावून वितळलेल्या रंगातून बाहेर येतो. अशी वस्तू आधी रिकामीच भट्टीत तापवून घ्यावी. काही पॉलिएस्टर भुकट्या पक्व होताना स्वतःच पाण्याची वाफ सोडतात, त्यांचा थर जाड झाला की तीच छिद्रे दिसतात. वाटोळे, कडा उंचावलेले खड्डे मात्र तेलाचे वा सिलिकॉनचे लक्षण होय. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या की हवेबरोबर तेल येते. नळीसमोर पांढरा कागद मिनिटभर धरावा. जवळच्या गॅरेजात सिलिकॉनचा फवारा वापरला जात असेल तर तोही संशयित ठरतो.

संत्र्याच्या सालीसारख्या पृष्ठभागाचे निदान त्या मानाने अवघड आहे. थर फार पातळ, फार जाड, भट्टी मंद किंवा भुकटी जुनी, यांपैकी काहीही कारण असू शकते. म्हणून आधी जाडी मोजावी, ती योग्य असल्यास भुकटीचा साठा तपासावा.

साठ्याचा प्रश्न या भागात विशेष गंभीर आहे. भुकटी २५ अंशांच्या आसपास व कोरड्या जागी ठेवावी अशी उत्पादकांची सूचना असते. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात कमाल तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि पत्र्याच्या छपराखाली ते त्याहूनही वाढते. भुकटीची राळ साधारणतः ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान मऊ होऊ लागते, परंतु त्याच्या बऱ्याच अलीकडे कण एकमेकांस चिकटून गोळे बनू लागतात. असे गोळे चाळून भुकटी वापरली जाते. चाळणीने गोळे निघतात, उष्णतेने आत सुरू झालेली रासायनिक क्रिया मागे फिरत नाही. उन्हाळ्यात महिनाभराचा साठा न करता आठवड्यापुरता माल आणणे आणि तो धाब्याच्या किंवा जाड भिंतींच्या खोलीत ठेवणे हा साधा मार्ग होय.

ठिबकचा फिल्टर :

वरील सर्व अडचणी एकत्र पाहायच्या असतील तर ठिबकच्या लोखंडी फिल्टरकडे पाहावे. त्याच्या आत सतत क्षारयुक्त पाणी असते. नळ्यांतील क्षार काढण्यासाठी आम्ल व शेवाळासाठी क्लोरीन सोडले जाते, आणि ते फिल्टरमधून जात असेल तर आतल्या रंगाची कसोटी लागते. बाहेरून दिवसभर ऊन असते. आत एपॉक्सी व बाहेर पॉलिएस्टर ही तर्कशुद्ध योजना झाली, परंतु आतील बाजू म्हणजे फॅरडेचा पिंजराच होय. सळईसारखी लांब गन, कमी दाब आणि टाकी उघडी असतानाच आतले काम पूर्ण करणे, यांशिवाय तेथे अखंड थर बसत नाही. बाहेरचा निळा रंग पाहून शेतकरी फिल्टर घेतो. गंज आतून येतो व सुटलेले पापुद्रे त्याच्याच नळ्यांची छिद्रे बुजवितात. शक्य असल्यास खरेदीपूर्वी झाकण काढून आतले सांधे बॅटरीच्या उजेडात पाहण्यास शेतकऱ्याला सांगणे हे कृषिविस्ताराचेच काम आहे.

सांडपाण्याचा विचार :

पावडर कोटिंग प्रदूषणमुक्त आहे असे म्हटले जाते. द्रावकाच्या वाफा नसल्याने बूथपुरते ते बरेचसे खरे आहे. टाक्यांबाबत तसे म्हणता येणार नाही. वापरलेले आम्ल, फॉस्फेटचा गाळ आणि काही ठिकाणी सातव्या टाकीत अजूनही वापरले जाणारे सहा संयुजेचे क्रोमियम यांची विल्हेवाट लावावी लागते. हे क्रोमियम कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. फॉस्फेटचा गाळ हा घातक व अन्य कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांच्या अनुसूचीत समाविष्ट असून तो ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकता येत नाही. क्रोमियमविरहित रसायने बाजारात उपलब्ध असल्याने सातव्या टाकीतून क्रोमियम हद्दपार करणे हा पहिला टप्पा असावा. आम्लाचे पाणी चुन्याने उदासीन करून निवळू द्यावे, गाळ वेगळा साठवावा आणि अधिकृत विल्हेवाट-केंद्राकडे पाठवावा. दुकानामागच्या खड्ड्यात ओतलेले पाणी याच काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली उतरते, आणि त्याच भेगांतले पाणी दुकानाच्या व शेजारच्या शेताच्या बोअरला लागते.